खुंट आणि भोवरे

डोंगरीच्या आमच्या घरी, टेबलाच्या खणात, एका काचेच्या कुपीत मी गेली पस्तीसाहून अधिक वर्षे जपून ठेवलेली काळी चकती यंदाच्या पावसाळ्यानंतर उघडून पाहिली, तेव्हा तिच्या कडेवर, भाईंदरच्या मिठागरांतल्या बांधांवर धरतात तशी, पांढरी पुटे चढलेली दिसली. दमट हवा या अतिसंवाहक पदार्थाला मानवत नाही. बाष्प आत शिरले की त्यातले बेरियम सुटून बाहेर येते आणि हवेतल्या कर्बवायूशी मिळून त्याचे कार्बोनेट होऊन बसते. हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही मन हळहळले.

१९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात अतिसंवाहकता, म्हणजे विजेला होणारा रोध पार नाहीसा होणे, आढळली ती चार केल्विनच्या आसपास, म्हणजे महागड्या द्रव हेलियमच्या राज्यात. पुढे १९८६ मध्ये झुरिच येथे बेडनोर्झ आणि म्युलर यांनी ताम्र-ऑक्साइडांची वाट उघडली आणि लगेच १९८७ च्या आरंभी अमेरिकेत वू आणि चू यांच्या चमूंनी यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात तापमानाची ती सीमा ९३ केल्विनपर्यंत नेली, तेव्हा ७७ केल्विनला उकळणारा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेसा झाला. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत मी तेव्हा उमेदवारी करीत होतो, तिथेही मग भट्टी पेटली.

यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मुक्रर प्रमाणात तोलून अकीकाच्या खलात तासन्‌तास घोटायचे, नऊशे अंशांच्या वर भाजायचे, पुन्हा घोटायचे, दाबयंत्रात चकती पाडायची, आणि शेवटी ऑक्सिजनच्या झोतात ती अतिशय सावकाश निववायची, असा शिरस्ता होता. निववण्यात उतावळेपणा केला तर स्फटिकात ऑक्सिजन पुरेसा मुरत नसे आणि सारे श्रम वाया जात. चकती काळीभोर निघाली तर आशा. तिच्यात हिरवी झाक दिसली की निराळेच संयुग जमले आहे हे न मोजताच कळे.

मग चांदीच्या लेपाने चार तारा जोडून, शेजारी तापयुग्म बसवून, सळईच्या टोकाची ती चकती नायट्रोजनच्या पृष्ठावरच्या थंड वाफेत इंचाइंचाने उतरवायची. ९२ केल्विनच्या सुमारास रोध कोसळू लागे आणि थोड्याच अंशांत काटा शून्यावर येऊन स्थिरावे. त्याच चकतीवर चुंबकीय क्षेत्र लावून पुन्हा मोजले, तर घसरणीचा आरंभ जवळपास जागच्या जागीच राही. शून्य मात्र खाली सरके, आणि मध्ये एक लांब शेपूट उरे. या शेपटाने मला आयुष्यभर मोहिनी घातली.

क्षीण चुंबकीय क्षेत्राला अतिसंवाहक आपल्या अंगात मज्जाव करतो. क्षेत्र वाढले की या जातीचे पदार्थ त्याला आत घेतात, पण एकगठ्ठा नव्हे, तर सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने, ज्यांचे गणित अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली मांडले. इथून जवळच, उत्तनला, डोल जाळी समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड देत खुंट टिकले तोवर जाळे जागेवर, खुंट निखळला की जाळे धारेबरोबर गेले. विद्युतप्रवाहाची ओढही भोवऱ्यांवर अशीच पडते, आणि स्फटिकातले दोष त्यांचे खुंट होतात. भोवरे हलू लागले की ऊर्जा खर्ची पडते, तोच रोध. उष्णता प्रत्येक भोवऱ्याला सतत हलवून खुंटापासून सोडवू पाहते, म्हणून क्षेत्र आणि तापमान या दोहोंचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

आमच्या चकतीत तर त्याच्याही आधी कणाकणांमधले दुबळे सांधेच, काहीशे गाउसच्या क्षेत्राने, दगा देत. खरा तपशील एकसंध स्फटिकातच उघडतो, कारण या पदार्थांची घडण थरांची आहे: तांबे-ऑक्सिजनच्या पातळ्या, आणि मध्ये इतर अणूंचे पडदे. बिस्मथाच्या संयुगात हे थर एकमेकांशी इतके सैल बांधलेले असतात की थरांना लंब लावलेल्या क्षेत्रात भोवऱ्याची अखंड दोरी तुटून थराथरातल्या सुट्या चकत्या उरतात, आणि ७७ केल्विनला त्यांचा खुंट एका टेस्लाच्याही आत निसटतो. यिट्रियमच्या संयुगात थरांची वीण घट्ट, म्हणून ते कित्येक टेस्ला तग धरते. तेच क्षेत्र थरांना समांतर फिरवले की हानी पुष्कळच कमी होते. एकाच स्फटिकाने दिशेप्रमाणे असा निराळा स्वभाव दाखवावा, यासारखे दुसरे सुंदर दृश्य मी प्रयोगशाळेत पाहिले नाही.

१९९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, मजुमदार, गुप्ता आदींनी यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात अतिसंवाहकता प्रसिद्ध केली, तेव्हा मला झालेला आनंद आजही ताजा आहे. तीही घडण थरांचीच, तापमान मात्र बारा केल्विनच्या आसपासचे. आणि यिट्रियमच्या जागी होल्मियम घातले तर सुमारे आठ केल्विनला आलेली अतिसंवाहकता पाचाच्या जवळ अणूंच्या स्वतःच्या चुंबकत्वापुढे जवळजवळ नाहीशी होते, आणि आणखी थंड केल्यावर परत येते.

चकती मी कोरड्या कुपीत हलवली आहे. तिच्याखाली घडी घातलेला जुना आलेखकागद आहे, पिवळा पडलेला. त्यावर क्षेत्राविना काढलेली रेघ निळी आणि क्षेत्रातली तांबडी. वरच्या टोकाशी त्या एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या आहेत की शाई जांभळी दिसते. खाली त्या अलग होतात, आणि तांबडी कागदाच्या कडेपर्यंत शून्याला टेकत नाही.