वस्तीतल्या रस्त्याचा वेग कोणी ठरवायचा?

आपल्या वस्त्यांत घराचा उंबरा ओलांडला की रस्ताच लागतो. नळाची रांग तिथे, भाजीची गाडी तिथे आणि मुलांचा खेळही तिथेच. अशा रस्त्यावरून गाड्यांनी किती वेगाने जावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील न्यूयॉर्कसारख्या बलाढ्य शहरालाही हा अधिकार मागून घ्यावा लागला. त्या लढ्यात पुढे होती एक आई.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रुकलिन भागातील प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट या रस्त्यावर व्हॅनची धडक बसून सॅमी कोहेन एकस्टीन हा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याच्या आई एमी कोहेन यांनी आपले दुःख घरात कोंडून ठेवले नाही. रस्त्यावर आपली माणसे गमावलेली इतर कुटुंबे त्यांना येऊन मिळाली आणि २०१४ मध्ये 'फॅमिलीज फॉर सेफ स्ट्रीट्स' ही संघटना उभी राहिली.

त्या वेळी शहराची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर होती. ती सरसकट उतरवणे शहराच्या हाती नव्हते. रस्ते शहराचे, मरणारी माणसे शहराची, पण कायदा ऑल्बनी येथील राज्य विधिमंडळाचा! म्हणून ही कुटुंबे आपल्या माणसांची छायाचित्रे घेऊन ऑल्बनीला गेली. २०१४ मध्ये परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरपासून मर्यादा २५ मैलांवर, म्हणजे ४० किलोमीटरवर आली.

पण गल्लीबोळांना तोही वेग जास्तच होता. २० मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या मागणीसाठी पुन्हा हेलपाटे सुरू झाले. २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले, तर कनिष्ठ सभागृहात ते मतालाच आले नाही. त्या जूनमध्ये एमी कोहेन आणि त्यांचे सहकारी उपोषणाला बसले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये 'सॅमीचा कायदा' झाला. काही रुंद रस्ते वगळता मर्यादा २० मैलांपर्यंत उतरवण्याचा अधिकार शहराला मिळाला. मात्र त्याआधी ६० दिवसांची सूचना देऊन लोकांचे म्हणणे ऐकण्याची अट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सॅमीच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टवर २० मैलांची पाटी लागली.

दहा मैलांनी असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेतील हिशेब पाहा. ३० मैलांच्या वेगातील मोटार थांबायला सुमारे २३ मीटर लागतात, २० मैलांना १२ मीटर. चेंडूमागे धावलेले मूल पंधरा मीटरवर असेल, तर एक गाडी त्याच्या अलीकडे थांबते, दुसरी थांबत नाही.

आपल्याकडेही अधिकाराची चावी वरच आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटर इतकी कमाल मर्यादा दिली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकृत केलेला अधिकारी लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर याहून कमी मर्यादा ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि रस्त्यावर पाटीही लागावी लागते.

तेव्हा भगिनींनो, नगरसेवकाला नुसती विनवणी करून भागणार नाही. मोहल्ल्याने एकत्र बसून अर्ज लिहावा. रस्ता कुठून कुठपर्यंत, शाळा-बालवाडी कुठे आणि आजवर अपघात किती, हे त्यात नोंदवावे. कलम ११२ चा उल्लेख करावा, घरटी सही घ्यावी. अर्ज वाहतूक पोलिसांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, प्रत नगरपालिकेला द्यावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर आले नाही, तर त्याच पोचेच्या आधारे पुन्हा जावे. एखादे लेकरू दगावल्यावर पाटी लागण्यापेक्षा ती आधीच लावून घेणे आपल्या हाती आहे.