माशी ओळखा, मगच पंप उचला



गौरी-गणपती जवळ आले की आमच्याकडे तक्रार येते, "साहेब, उसात माशी पडलीया, औषध सांगा." कोणती माशी, असे विचारले की उत्तर मिळत नाही. उसात उडणारे बारके जीव निरनिराळ्या तऱ्हेचे असतात. त्यांतला एक तर आपला राखणदारच आहे. म्हणून औषध आणण्याआधी पान उलटून बघावे.

पांढरी माशी : पाला हलवला की पांढुरक्या बारीक माश्या उडतात. पण खरी खूण पानाच्या खालच्या अंगाला असते. तेथे काळे, लांबट-गोल ठिपके चिकटलेले दिसतात व त्यांना मेणाची पांढरी झालर असते. ही माशीची पिल्ले. तीच रस शोषतात. मग पान पिवळे पडते व त्यावर काजळी धरते. ऑगस्टपासून हिचा जोर वाढतो, तोही पाणी साचणाऱ्या सखल रानात आणि नत्र कमी पडलेल्या खोडव्यात. तेव्हा आधी चर काढून निचरा करावा व राहिलेला नत्राचा हप्ता द्यावा. हे न करता नुसते औषध मारले, तर माशी पुन्हा येते.

पाकोळी : ही माशी नव्हे, तुडतुडा आहे. रंग वाळल्या गवतासारखा, तोंड चोचीसारखे पुढे आलेले. धक्का लागताच टुणकन उडी मारते. पावसाळ्यात जास्त दिसते.

राखणदार माशी : 2002 साली आपल्या सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला, तो सर्वांच्या ध्यानात असेल. ढगाळ, दमट हवेत तो वाढतो. कडक उन्हाळ्यात कमी होतो. माव्याच्या उसात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक माशी हवेत जागच्या जागी तरंगताना दिसते. ती सिरफिड माशी. तिची बिनपायाची अळी पांढऱ्या लोकरीत शिरून मावा खाते. डिफाची अळी व मायक्रोमस हे कीटकही तेच काम करतात. अशा फडात घाईने विषारी फवारा मारला, तर राखणदार मरतात, उरलेला मावा पुन्हा फोफावतो आणि औषधाचे पैसेही पाण्यात जातात.

यासाठी दर आठवड्याला फडात आठ-दहा ठिकाणी पाने उलटून पाहावीत. ओळख पटली नाही, तर पान कागदाच्या पुडीत घालून गट कार्यालयात आणावे. आम्ही ते पाहून सल्ला देऊ. तोवर पंप खांद्यावर घेऊ नये, ही विनंती.