मालदीवचे पाणी आणि परदेशी मदत: अनुदान, सवलतीचे कर्ज व देखभाल

४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले येथे पाणीपुरवठा कंपनीच्या जनरेटर पॅनेलला आग लागली आणि शहरातले नळ बंद पडले. एक लाखाहून अधिक लोकांना पिण्याचे पाणी मिळेना. मालेत नदी नाही, तलाव नाही, विहिरींचे पाणी पिण्याजोगे उरलेले नाही. समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प हाच एकमेव स्रोत, आणि तोच ठप्प झाला. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची मालवाहू विमाने पिण्याचे पाणी घेऊन पोहोचली. ही विमाने दिल्लीहून चेन्नईजवळच्या अरक्कोणम तळामार्गे गेली. नौदलाचे 'आयएनएस सुकन्या' हे जहाज आपल्यावरची आरओ संयंत्रे चालवून बंदरात पाणी पुरवू लागले. या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन नीर'. चीननेही पाणी पाठवले.

संकटात पाठवलेले पाणी हा परदेशी मदतीचा सर्वांत सोपा प्रकार आहे. ते प्यायले की हिशोब संपतो. या पाठात आपण त्यापुढचे, अवघड प्रकार पाहणार आहोत. त्याआधी बेटावर पाणी का नसते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर मदतीचे आकडे नुसते आकडेच राहतात.

प्रवाळ बेटावर पडलेले पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूतून खाली मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची घनता सुमारे १००० आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर. दोन्ही बाजूंचा दाब समान धरला तर १००० भागिले २५, म्हणजे ४० हे गुणोत्तर मिळते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली ४० मीटर गोडे पाणी असते. यालाच घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणतात आणि त्या साठ्याला गोड्या पाण्याचे भिंग. प्रत्यक्षात सीमा इतकी स्पष्ट नसते, मिश्रणाचा पट्टा असतो, पण अंदाजासाठी सूत्र पुरेसे आहे.

आता हेच गणित उलटे करा. उपशामुळे भूजलाची पातळी फक्त १० सेंटीमीटर खाली गेली, तर समतोल साधला जाईपर्यंत भिंगाचा तळ ४ मीटर वर येतो. मालेसारख्या गजबजलेल्या बेटावर नेमके हेच झाले. शिवाय त्याच वाळूत शोषखड्डे असतील तर सांडपाणीही त्याच साठ्यात उतरते. म्हणून मालदीवमध्ये पाण्याची योजना आणि सांडपाण्याची योजना बहुधा जोडीने येतात. पहिली बांधून दुसरी सोडून देणे म्हणजे अर्धेच काम.

उरतो मार्ग निःक्षारीकरणाचा. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो. प्रत्यक्षात पंप ५५ ते ७० बार दाबाने पाणी पटलातून ढकलतात. आजच्या चांगल्या संयंत्रात १००० लिटर गोड्या पाण्याला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. मालदीवमध्ये ही वीज मुख्यतः आयात डिझेलवर तयार होते. म्हणजे नळाच्या पाण्याची किंमत तेलाच्या किमतीला बांधलेली आहे. संयंत्र कोणी भेट दिले तरी डिझेलचे बिल भेट मिळत नाही.

आता मदतीकडे वळू. पहिला प्रकार म्हणजे अनुदान: परत करावे न लागणारे पैसे. १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी मालेचे बरेच नुकसान केले. त्यानंतर जपानने अनुदान देऊन टप्प्याटप्प्याने शहराभोवती सागरी भिंत बांधून दिली. काम २००२ पर्यंत चालले. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा मालेच्या रस्त्यांत पाणी शिरले, पण या भिंतीमुळे शहर मोठ्या विध्वंसातून बचावले असे मानले जाते. त्याच सकाळी आमच्या मरीना किनाऱ्यावर काय झाले हे चेन्नईकरांना सांगायला नको.

एक तारीख आणखी लक्षात ठेवा. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला 'अल्पविकसित देश' या यादीतून वर काढण्याचा निर्णय घेतला होता. सहाच दिवसांनी त्सुनामीने देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के इतके नुकसान केले. मग हा बदल लांबणीवर पडला आणि १ जानेवारी २०११ ला अमलात आला. यादीतून बाहेर पडणे हा सन्मान खरा, पण त्याबरोबर स्वस्त पैशाची आणि जकात सवलतींची दारे हळूहळू बंद होतात. दरडोई उत्पन्न पर्यटनामुळे वाढलेले दिसते. एका लाटेने किती वाहून जाऊ शकते, ते या सरासरीत दिसत नाही. माझ्या मते हा निकष छोट्या बेटांसाठी तोकडा आहे.

दुसरा प्रकार सवलतीच्या कर्जाचा. भारत हे बहुतेक वेळा एक्झिम बँकेच्या 'लाइन ऑफ क्रेडिट'मधून देतो. रक्कम एकदम हातात पडत नाही. काम पुढे सरकेल तसतसे पैसे सुटतात, आणि साधारणपणे तीन चतुर्थांश माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. म्हणून माले ते विलिंगिली, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी यांना जोडणाऱ्या ६.७४ किलोमीटरच्या पुलाचे व बांधरस्त्याचे कंत्राट २०२१ मध्ये मुंबईच्या अॅफकॉन्स कंपनीकडे आहे. याला बांधील मदत म्हणतात. देणाऱ्याच्या उद्योगाला काम मिळते. घेणाऱ्याला जगभरातून निविदा मागवण्याचे स्वातंत्र्य राहत नाही.

कर्जात 'मदत' किती हे मोजता येते. समजा १०० कोटींचे कर्ज, व्याज वर्षाला १ टक्का, मुद्दल २० वर्षांनी एकरकमी परत. सवलत दर ५ टक्के धरला, तर २० वर्षांनंतरच्या १०० कोटींचे आजचे मूल्य सुमारे ३७.७ कोटी, आणि २० वर्षांच्या व्याजाचे सुमारे १२.५ कोटी. एकूण ५०.२. म्हणजे घेणाऱ्याने आजच्या भावात निम्मेच परत केले, उरलेला ४९.८ टक्के हा अनुदान अंश. व्याज ४ टक्के केले तर हाच अंश १२.५ टक्क्यांवर घसरतो. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात मात्र दोन्हीकडे '१०० कोटींची मदत' असेच छापून येते.

याच पद्धतीतून ऑगस्ट २०२४ मध्ये २८ बेटांवरील पाणी व सांडपाण्याच्या योजना मालदीवकडे सोपवण्यात आल्या. कर्ज ११ कोटी डॉलर. त्याआधी 'इंडिया आउट' मोहीम झाली होती, २०२३ मध्ये सरकार बदलले होते, आणि मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिकी कर्मचारी परत आले होते. नळयोजनेचे काम मात्र पूर्ण झाले. जुलै २०२५ मध्ये भारताने ४,८५० कोटी रुपयांची नवी पतमर्यादा दिली, यावेळी रुपयांत, आणि जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ता सुमारे ५.१ कोटींवरून २.९ कोटी डॉलरवर आणला. परतफेडीचा ताण नसता तर हप्ता कमी करण्याची वेळ आली नसती, एवढे त्यातून कळते.

चीनने बांधलेला सिनामाले पूल ऑगस्ट २०१८ मध्ये खुला झाला. त्यातही निम्म्याहून अधिक अनुदान आणि बाकी बरेचसे कर्ज अशीच मिसळ आहे. देणारा कोणीही असो, गणित तेच लावा.

मदत घेणारे म्हणजे कोणी दूरचे, असे समजू नका. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या वसतिगृहात मुले बादल्या घेऊन टँकरची वाट पाहत होती. नेम्मेली येथील १५० एमएलडीचा प्रकल्प, जो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जसाहाय्याने उभा राहिला. पेरूर येथे ४०० एमएलडीचा प्रकल्प जपानच्या जायकाच्या कर्जातून होत आहे. आणि याच शहरात, पल्लीकरणैच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्तीवर खोल समुद्रातील थंड पाणी आणि पृष्ठभागावरचे कोमट पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारे संयंत्र उभारले: दिवसाला सुमारे एक लाख लिटर, पटलांशिवाय.

सरावासाठी: वर सांगितलेल्या माले जोडपुलासाठी २०२० मध्ये १० कोटी डॉलर अनुदान आणि ४० कोटी डॉलर कर्ज जाहीर झाले. कर्जाचे व्याज २ टक्के, मुद्दल २० वर्षांनी एकरकमी आणि सवलत दर ५ टक्के असे गृहीत धरून संपूर्ण ५० कोटींचा अनुदान अंश काढा. नंतर दरवर्षी मुद्दलाच्या २ टक्के देखभाल खर्च धरून, २० वर्षांत मालदीवला खिशातून किती खर्चावे लागतील ते आजच्या मूल्यात लिहा.