विंचूदंश, कीटकनाशके आणि आपली स्वायत्त चेतासंस्था

पावसाळ्याच्या दिवसांत ग्रामीण भागातील रुग्णालयांत दोन प्रकारचे रुग्ण तातडीने आणले जातात. एकास विंचवाने दंश केलेला असतो, तर दुसऱ्यास पिकावर फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झालेली असते. दोघेही घामाने चिंब असतात, दोघांनाही उलट्या होत असतात. तरीही एकाचे प्राण वाचविणारे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. असे का, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना उमजावे, या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत.

हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वासनलिकांचे आकुंचन, पचन, घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार ही कामे निसर्गाने आपल्या इच्छेवर सोपविलेली नाहीत. स्वायत्त चेतासंस्था ती अहोरात्र पार पाडते. तिचे दोन प्रमुख विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटकाळी हृदयाची गती व रक्तदाब वाढवितो, त्वचेतील रक्तवाहिन्या आवळतो आणि श्वासनलिका रुंद करतो. परानुकंपी विभाग विश्रांतीच्या काळात हृदयाची गती मंदावतो, लाळ व पाचकरस स्रवू देतो. निरोगी शरीरात ही दोन पारडी सतत समतोल राखून असतात.

चेतातंतूंचे हे निरोप अवयवांपर्यंत रासायनिक पदार्थ पोहोचवितात. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हे दाखवून दिले. एका हृदयाची गती चेतातंतूद्वारे मंद केल्यावर त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयास दिला असता तेही मंदावले. या विषयातील संशोधनासाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲसिटिलकोलिन व नॉरॲड्रेनालिन हे यांतील प्रमुख निरोपे होत. अवयवांच्या पेशींवर त्यांना ओळखणारे ग्राही असतात. काही औषधे निरोप्याची नक्कल करून ग्राही चेतवितात, तर काही ग्राही अडवून धरतात. दम्याच्या रुग्णाने घेतलेले साल्ब्युटामॉल श्वासनलिका मोकळ्या करते. परंतु तशाच प्रकारचे ग्राही अन्यत्रही असल्यामुळे हात थरथरतात व छाती धडधडते.

आता कीटकनाशकाचा विचार करू. ऑर्गेनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनचा निचरा करणारे विकर निकामी करतात. निरोप थांबतच नाही. लाळ, घाम व अश्रू वाहू लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि फुफ्फुसांत स्राव साचून रुग्णाचा श्वास कोंडतो. येथे ॲट्रोपिन हे औषध परानुकंपी ग्राही अडवून धरते. छाती कोरडी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. मात्र विषाने दुबळे झालेले श्वसनाचे स्नायू ॲट्रोपिनने सुधारत नाहीत, म्हणून काही रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार द्यावा लागतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही दुःखद घटना सर्वांच्या स्मरणात असेल.

लाल विंचवाचे विष याहून वेगळे कार्य करते. आरंभी घाम व उलट्या होतात. पाठोपाठ अनुकंपी निरोप्यांचा लोंढा रक्तात येतो. हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. अशा वेळी ॲट्रोपिन दिल्यास आधीच वाढलेली हृदयाची गती आणखी वाढण्याचा धोका असतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात असे मृत्यू जवळून पाहिलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या रुग्णांना दिले. ते अनुकंपी विभागाचे अल्फा ग्राही अडवून आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये त्यांचा अनुभव ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी १०० मागे २५ ते ३० दगावत. योग्य उपचारांनी हे प्रमाण १ च्याही खाली आल्याचे त्यांनी नोंदविले आहे. प्राझोसिनला विंचूप्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले.

नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे. विंचूदंशाची वेळ सांगावी. वेदना कमी आहेत म्हणून धोका नाही असे समजू नये. घाम येत असेल वा हातपाय गार पडले असतील, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. प्राझोसिन दिलेल्या मुलास उठवून बसवू अथवा कडेवर घेऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. कीटकनाशकाची बाधा झाल्यास भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत आणावा. डब्यावरील नावावरून उपचारांची दिशा ठरते.

प्राझोसिन व ॲट्रोपिन ही दोन्ही औषधे अल्प किमतीची आहेत. खर्च येतो तो रात्रभर उशाशी थांबून नाडी, रक्तदाब व श्वास पाहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांचा आणि सदैव सज्ज ठेवाव्या लागणाऱ्या श्वसनयंत्रांचा. दात्यांनी दिलेला निधी या जागत्या पहाऱ्याच्या कामी येतो, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे.