दिवस गेल्याची खात्री : लघवी व रक्ताच्या तपासण्यांचा अर्थ

मराठीत गर्भधारणेला ‘दिवस जाणे’ किंवा ‘दिवस राहणे’ असे म्हटले जाते. या बोलीत दिवसांच्या हिशेबाला जे स्थान आहे, तेच गर्भधारणेच्या तपासणीतही आहे. तपासणी कोणत्या साधनाने केली यापेक्षा ती कितव्या दिवशी केली, यावर तिच्या उत्तराचा अर्थ अधिक अवलंबून असतो. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे अनेक स्त्रिया ‘नाही’ या उत्तरावर विसंबून महिना-दीड महिना घालवितात, तर काही जणी ‘होय’ हे उत्तर मिळताच पुढची तपासणी अनावश्यक मानतात. दोन्ही समजुती सारख्याच घातक होत.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ७ लाखांहून अधिक होती. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातच जिची आठवण राहिली आहे, ती निजामपुरा ही येथील जुनी वस्ती. मागावर काम करणारी कुटुंबे ज्या शहरात दूरदूरच्या प्रांतांतून येऊन राहतात, तेथे नव्या सुनेजवळ माहेरचे माणूस असतेच असे नाही. पाळी चुकली हे कोणाला सांगावे आणि केव्हा सांगावे, हा तिच्यापुढील पहिला प्रश्न असतो. अशा वेळी आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील ‘निश्चय’ ही तपासणी-पट्टी मोलाची ठरते. शासकीय आरोग्यसेवेतून ती विनामूल्य दिली जाते.

या पट्टीला नेमके काय कळते? फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले की, ज्या पेशींपासून पुढे वार तयार होते, त्या पेशी एक संप्रेरक स्रवू लागतात. त्याला ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, म्हणजेच संक्षेपाने एचसीजी म्हणतात. हे रुजणे फलनानंतर साधारणतः ६ ते १० दिवसांनी घडते. त्यापूर्वी कोणतीही तपासणी केली तरी उत्तर ‘नाही’ असेच येणार, कारण शोधावयाचा पदार्थच अजून निर्माण झालेला नसतो. रुजल्यावर तो प्रथम रक्तात आढळतो व काही दिवसांनी लघवीत. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी सुमारे दुप्पट होते, ८ ते ११ आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरते.

हा पदार्थ ओळखण्याची युक्ती जुनी आहे. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोन्डेक या संशोधकांनी स्त्रीची लघवी उंदराच्या मादीला टोचून तिच्या बीजकोशांतील बदल पाहण्याची पद्धत शोधली. पुढे सशाची मादी आली, नंतर बेडूक आला. उत्तरासाठी दिवस लागत आणि बहुधा प्राण्याचा जीवही जाई. १९६० नंतर प्रतिपिंडांवर आधारलेल्या तपासण्या आल्या आणि प्राण्यांची सुटका झाली. आजची पट्टी त्याच वंशातली आहे.

पट्टीवर दोन जागा असतात. ‘सी’ या जागेवरील रेघ पट्टी नीट काम करीत असल्याची ग्वाही देते. ती उमटली नाही तर ती तपासणी रद्द समजून नवी पट्टी घ्यावी. ‘टी’ या जागेवरील रेघ एचसीजी असल्याची खूण होय. ही रेघ फिकट असली तरी, दिलेल्या वेळेत उमटली असेल तर, तिचा अर्थ ‘होय’ असाच घ्यावयाचा असतो. मात्र तासाभराने उचलून पाहिलेल्या पट्टीवर ओल सुकल्याचा पुसट डाग दिसू शकतो. त्यावर विश्वास ठेवू नये. सकाळची पहिली लघवी घ्यावी असे सांगतात, कारण ती दाट असते. तपासणीपूर्वी भरपूर पाणी पिण्याने लघवी पातळ होते आणि सुरुवातीच्या दिवसांत उत्तर चुकण्याचा संभव वाढतो. पाळी चुकल्यावर लगेच केलेली तपासणी नकारार्थी आली व पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करणे हाच योग्य मार्ग होय.

रक्ताची तपासणी प्रत्येकीला लागत नाही. पट्टी स्पष्ट आहे, त्रास काही नाही, अशा स्त्रीला तिचा खर्च करावयास लावणे हे अनाठायी आहे. ही तपासणी मोलाची ठरते ती शंकेच्या जागी, कारण ती केवळ ‘आहे-नाही’ न सांगता प्रमाण सांगते. दर मिलिलिटरला ५ मिलि-एककांपेक्षा कमी असल्यास गर्भ नाही व २५ पेक्षा अधिक असल्यास आहे, असे सामान्यतः मानतात. मधल्या आकड्यांबाबत घाई न करता ४८ तासांनी रक्त पुन्हा तपासतात. पहिल्या आकड्यापेक्षा या दोन आकड्यांमधील वाढच अधिक बोलकी असते. वाढ मंद असेल तर गर्भ टिकत नसल्याची किंवा तो गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत, रुजल्याची शंका येते. आकडा अवाजवी मोठा असेल तर द्राक्षगर्भाचा विचार करावा लागतो. नुकतीच प्रसूती वा गर्भपात झालेल्या स्त्रीच्या शरीरात हा पदार्थ काही आठवडे रेंगाळतो, हेही डॉक्टरांना सांगावयास हवे.

बीजवाहिनीतील गर्भाचा उल्लेख येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे. अशा गर्भातही पट्टीवर दोन रेघा उमटतात. गर्भ आहे एवढेच पट्टी सांगते. तो कोठे आहे हे ती सांगू शकत नाही. ते सोनोग्राफीत दिसते. पट्टी ‘होय’ म्हणते आणि ओटीपोटात एका बाजूस दुखते, थोडा रक्तस्राव होतो, चक्कर येते, अशा स्त्रीला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. बीजवाहिनी फुटल्यास काही तासांत जीव धोक्यात येतो. औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून परस्पर घेण्याचा प्रकार याच कारणाने भयंकर आहे. गोळ्यांनी बीजवाहिनीतील गर्भ निघत नाही. रक्तस्राव मात्र होतो आणि काम झाले असे घरच्यांना वाटत राहते.

गर्भ नको असल्यास चोरून काही करण्याचे कारण नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ मधील दुरुस्तीनंतर, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने व काही विशिष्ट प्रकरणी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी असते; पतीची सही लागत नाही. तपासणीचे उत्तरही प्रथम तिचेच. ते सासूला वा शेजारणीला परस्पर सांगण्याचा अधिकार कोणत्याही कार्यकर्तीला नाही. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे या दोन्ही तपासण्यांतून मुळीच कळत नाही. ते जाणून घेण्याच्या खटाटोपाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सर्वप्रथम, कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला.

गर्भ हवा असेल तर १२ आठवड्यांच्या आत नावनोंदणी व्हावी, अशी अपेक्षा असते. बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, म्हणून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लवकर सुरू होणे अगत्याचे आहे. क्ष-किरण तपासणी किंवा नेहमीची औषधे याबाबतची सावधगिरीही तेव्हापासूनच घ्यावी लागते.

पंचायत व पालिका सदस्यांनी आरोग्य केंद्रास भेट देताना पट्ट्यांच्या साठ्यावरील मुदतीची तारीख अवश्य पाहावी. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ओलावा लागलेली पट्टी निरुपयोगी होते. वेष्टन वापरण्याच्या क्षणीच फाडावे. नोंदवहीत शेवटच्या पाळीची तारीख भरलेली आहे की ‘आठवत नाही’ असा शेरा मारून रकाना मिटविला आहे, हेही तपासावे. तारीख सहसा आठवत नाही, सण आठवतो. रमजान ईदच्या आधी की नंतर, गणपती बसले तेव्हा की विसर्जनानंतर, असे विचारीत गेले आणि शेजारी दिनदर्शिका ठेवली, तर दोन-चार दिवसांच्या फरकाने तारीख निघते. त्या तारखेत २८० दिवस मिळविले की प्रसूतीची अपेक्षित तारीख मिळते, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर तीच लिहावयाची असते.