रुप्याच्या गावची गृहिणी

'खाण' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोक्यावर दिवा बांधलेला पुरुष उभा राहतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही तोच असतो. त्याची मजुरी, त्याचे कामाचे तास, त्याचा संप. पाळी संपवून तो ज्या घरी परततो त्या घरात दिवसभर काय चालते, याविषयी पुस्तके बहुधा मौन पाळतात. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या गावाविषयी वाचताना ही उणीव मला फार जाणवली. प्रस्तुत लेख कोणा कर्तबगार स्त्रीचे चरित्र नव्हे. पाण्याची बादली, नवऱ्याचा डबा आणि घरात शिरणारी धूळ यांतच जिचे आयुष्य गेले, त्या सामान्य बाईचा हा परिचय आहे.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी पश्चिमेला, सिडनीपासून सुमारे ११०० किलोमीटरांवर हे गाव आहे. १८८३ साली चार्ल्स रॅस्प या माणसाला तेथील खडकाळ टेकडीवर खनिजाचा संशय आला. मेंढ्यांच्या कुरणांची कुंपणे तपासत फिरणे हा त्याचा व्यवसाय. त्याला ते कथिल वाटले. निघाले चांदी, शिसे आणि जस्त! थोड्याच वर्षांत तेथे वीस हजारांच्या आसपास वस्ती झाली. पण वर्षाला पाऊस अवघा २५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जाई आणि घरे होती पन्हाळी पत्र्यांची. अशा घरात चूल पेटवून स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे आपल्याकडील वैशाख अनुभवलेल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

पाण्याची कथा तर याहून बिकट. १८८८ साली गावात विषमज्वराची साथ पसरली. पुढे जलाशय बांधले गेले, पण ते गाळाने भरत आणि अवर्षणात आटत. मग रेल्वेने पाणी आणावे लागे. धुण्याचे पाणी झाडांना, अंघोळीचे पाणी फरशीला, असा हिशेब घरोघरी बाईलाच ठेवावा लागे. मेनिंदीहून डार्लिंग नदीचे पाणी नळाने गावात आले ते १९५२ साली, म्हणजे गाव वसल्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

धूळ हे दुसरे संकट, आणि ते बरेचसे माणसाने ओढवलेले. जळणासाठी व खाणीतील टेकूंसाठी भोवतालची झाडे तोडली गेली. उरलेले जनावरांनी व सशांनी फस्त केले. उघडी जमीन वाऱ्याबरोबर घरात येऊ लागली. १९३६ पासून आल्बर्ट मॉरिस या खाणीतील धातुपरीक्षकाच्या सल्ल्याने गावाभोवतीच्या जमिनीला कुंपण घालण्यात आले. जनावरे व ससे बाहेर राहिले, तशी झुडपे आपोआप उगवू लागली. मॉरिसची पत्नी मार्गारेट हीही वनस्पतींची तितकीच जाणकार होती. उल्लेख मात्र बहुधा त्याचाच होतो.

आता संपाविषयी. १८९२ च्या संपात येथील स्त्रिया झाडूचे दांडे घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि संपफोड्यांना त्यांनी पळता भुई थोडी केली. १९१९ च्या मे महिन्यात सुरू झालेला संप तर दीड वर्ष चालला. पगार बंद, मुले लहान. अठरा महिने ज्यांनी चूल चालविली त्यांच्यामुळेच तो टिकला, असे माझे मत आहे. संपाअंती आठवड्याला पस्तीस तासांचे काम आणि धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांना भरपाई, या गोष्टी पदरात पडल्या. त्या काळी जगात असे यश थोड्यांच्या वाट्याला आले असेल. १९२५ नंतर शिशाच्या बाजारभावाप्रमाणे वेतनावर बोनसही मिळू लागला. म्हणजे यंदा मुलांना नवे बूट घ्यावयाचे की नाही, हे दूरच्या बाजारातील शिशाच्या भावावर ठरू लागले.

पण याच बलिष्ठ कामगार संघटनांनी १९३० च्या सुमारास असा दंडक घातला, की लग्न झालेल्या बाईने नोकरी करू नये. मंदीचे दिवस होते; एका घरात दोन पगार जाण्यापेक्षा ते दोन घरांत जावेत, हा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येत नाही. आपल्या अविवाहित लेकीला दुकानात जागा मिळावी म्हणून कित्येक आयांनाही तो पटला असेल. विधवांना व काही विशिष्ट व्यवसायांना सूट होती. परंतु मंदी संपली, युद्ध संपले, खाणींना भरभराट आली, तरी नियम तसाच राहिला! साखरपुडा झाला की कचेरीतल्या मुलीचे दिवस भरत आले, असे समजावे. हा कायदा नव्हता, सरकारचा हुकूम नव्हता. तरी गावात तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. अखेर १९८१ साली दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका विवाहित तरुणीने भेदभावविरोधी कायद्याचा आधार घेऊन त्यास आव्हान दिले आणि ती जिंकली. ज्यांच्या संपासाठी आजीने झाडू उगारला, त्यांच्याच नियमाविरुद्ध नातीच्या पिढीला दाद मागावी लागली.

खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावे टेकडीवरील स्मारकात कोरली आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यामागे घर ओढणाऱ्यांची यादी मात्र कोठे नाही.

१९९१ साली लहान मुलांचे रक्त तपासले गेले, तेव्हा बहुसंख्यांच्या रक्तात प्रमाणाबाहेर शिसे आढळले. पिढ्यान्‌पिढ्या जी धूळ बायका झाडीत आल्या, तिच्यातच ते होते. तेव्हापासून आयांना सांगण्यात येते, की कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, मुलांचे हात जेवणापूर्वी धुवा. त्यासाठी लागणारे पाणी २०१९ पासून मरे नदीवरून २७० किलोमीटर लांबीच्या नळाने येते.