विश्लेषण : हाडातील जंतुसंसर्गावर औषधाचे ‘मणी’ कसे काम करतात?

अपघातात मोडलेले हाड जोडले जाते, जखमही भरते. पण काही महिन्यांनी त्याच जागेतून पू वाहू लागतो. हाडातील अशा जंतुसंसर्गाला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. अशा वेळी शल्यचिकित्सक खराब हाड काढून, उरलेल्या पोकळीत प्रतिजैविक मिसळलेले मणी ठेवू शकतात. हे मणी कशाचे आहेत, यावर ते काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागणार का, हे बऱ्याच अंशी ठरते.

सलाइनमधून दिलेले औषध का पुरत नाही?

हे औषध रक्तावाटे पोहोचते आणि संसर्ग झालेल्या हाडाचा रक्तपुरवठाच अनेकदा तुटलेला असतो. शिवाय जिवाणू मृत हाडावर किंवा धातूच्या पट्टीवर चिकट थर करून राहतात. त्यांना मारण्याइतकी मात्रा रक्तातून द्यायची, तर जेंटामायसिनसारख्या औषधाने मूत्रपिंडांना आणि कानांना इजा होऊ शकते. मण्यांमुळे हाडाजवळ औषध भरपूर मिळते; रक्तात मात्र ते फार कमी उतरते.

सुरुवात कशी झाली?

जर्मन शल्यचिकित्सक हान्स बुखहोल्त्स यांनी १९७० मध्ये सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत मांडली. हे सिमेंट म्हणजे पीएमएमए हे अ‍ॅक्रिलिक पॉलिमर. पुढे त्याचेच मणी तारेत ओवून हाडात ठेवले जाऊ लागले. ते घट्ट होताना तापते, त्यामुळे उष्णता सोसणारीच औषधे त्यात चालतात.

मग अडचण काय?

पीएमएमए शरीरात विरघळत नाही. पृष्ठभागालगतचे औषध पहिल्या काही दिवसांत बाहेर पडते; बरेचसे आतच अडकून थोडे थोडे झिरपत राहते. जिवाणू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत औषध मिळत राहिले, तर त्याला दाद न देणारे जिवाणू तग धरतात आणि मण्यांवरच बस्तान बसवू शकतात. म्हणून हे मणी बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागतात.

सिरॅमिकमुळे काय बदलते?

कॅल्शियम सल्फेट म्हणजे गणेशमूर्तींमुळे परिचित असलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचे शुद्ध, वैद्यकीय रूप. त्याचे मणी काही आठवड्यांत विरघळतात. त्यामुळे औषध आत अडकून राहत नाही आणि मणी काढावे लागत नाहीत. मात्र जखमेतून पाण्यासारखा स्राव होऊ शकतो. क्वचित रक्तातील कॅल्शियम वाढते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे सिरॅमिक हाडातील खनिजासारखेच असते. ते फार हळू झिजते आणि नव्या हाडाला आधार देते.

दोन्ही एकत्र आणता येतात?

विरघळणाऱ्या टाक्यांत वापरले जाणारे पीएलजीए हे पॉलिमर पाण्याच्या संपर्कात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लात विघटित होते. या दोन घटकांचे प्रमाण बदलून विघटनाचा काळ कमी-जास्त करता येतो. सच्छिद्र सिरॅमिकवर त्याचा थर दिला, तर औषध एकदम बाहेर पडत नाही. कॅल्शियम फॉस्फेट त्यातील आम्लता कमी करते. या जोडीवर संशोधन सुरू आहे.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

मणी ठेवले तरी खराब हाड पूर्ण काढणे आणि डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके ठरलेल्या मुदतीपर्यंत घेणे टळत नाही. आपल्या हाडातील मणी विरघळणारे आहेत का आणि नसतील तर ते कधी काढायचे, हे घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.